मांडवामागचं दार

मन्या,

तुझ्या तेरवीला तुझं भलतंच कौतुक झालं. तुझ्या मोठ्या साळ्याने माईक हातात घेतला आणि सांगितलं, की आमच्या जावयाने असा संस्कारी गेम केला, की घराघरांत आजी आणि नातवंडं एका मोबाईलवर बसून खेळतात. 'संस्कारी' शब्द आला तेव्हा मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, सुनील रडतोय. रडतही होतो, पण आधी हसू आलं होतं, आणि ते ज्याच्याबरोबर वाटून घ्यायचं तो समोर हार घातलेल्या फोटोत होता.

साळा बोलत होता ते 'मांडव'बद्दल. लग्नघर सांभाळायचं, पाहुण्यांना वेळेवर पंगतीला बसवायचं, रुसलेल्या मामाजींची समजूत काढायची. तो गेम आपल्या दोघांचा, आणि चांगला होता, त्यात वाद नाही. पण तुझा जीव कशात होता ते त्या सभेत मला आणि तुझ्या बायकोला, शीतललाच ठाऊक होतं. फाट्याचं नाव कुणी काढलं नाही.

फाटा हा तुझाच शब्द. 'मांडव' हा मोठा रस्ता, आणि त्यातून फुटून शेतात घुसलेला आपला दुसरा गेम म्हणजे फाटा. फोनवरच्या ॲपच्या दुकानात त्याचं नाव 'मांडवामागं', फक्त मोठ्यांसाठी. दोन विहिणी समोरासमोर बसतात आणि एकमेकींच्या घराण्याचा, व्याह्याच्या सुटत्या धोतराचा आणि नव्या जोडप्याच्या पहिल्या रात्रीचा गाण्यातून उद्धार करतात. पुढची ओळ खेळणाऱ्याने निवडायची. जितकी ओळ चावट तितकी वरच्या कोपऱ्यातली खाट करकरते. खाट मोडली की तुम्ही जिंकलात. हे सगळं तू मला पहिल्यांदा सीताबर्डीवर चहाच्या टपरीशी उभ्याने सांगितलंस, आणि खाट मोडण्यापर्यंत आलास तेव्हा शेजारचा माणूस चहा हातात धरून ऐकत राहिला होता.

मला तेव्हा ते अश्लील वाटलं होतं, आणि मी तसं म्हणालोही. तू म्हणालास, "अश्लील नाही बे. लग्नातल्या बायायचं गाणं हाय." आमच्याकडे लग्न म्हणजे बुद्धवंदना, पुष्पहार आणि जेवण. हळदीच्या दिवशी विहिणींनी एकमेकींना गाण्यातून शिव्या घालायच्या, हे मला तुझ्यामुळे कळलं. वर तू मला चिडवायचास, की तुमच्या लग्नात शिव्या नाहीत म्हणूनच तुमचे व्याही नंतर भांडतात.

ती गाणी तुझी नव्हती, तुझ्या मायची होती. उमरेडला तुमच्या घरी हातमाग होता, माय त्यावर बसून विणायची. गावात कुणाच्याही घरी हळद लागली की तिला बोलावणं यायचं, कारण तिच्यासारखी जहाल विहीण पंचक्रोशीत नव्हती. एरवी डोक्यावरचा पदर न ढळू देणारी, देवळात हळू बोलणारी बाई. ती त्या दिवशी अशी काही सुटायची की समोरची विहीण पाणी मागायची. तू लहान होतास आणि मांडीवर बसून हे सगळं ऐकायचास. ठेका तुझ्या अंगात तिथूनच आला. तुझ्या ओळी नेहमी मागाच्या ठोक्यावर पडायच्या, मी कितीही वेळा मागेपुढे केल्या तरी.

खाटेचा आवाज मी नेटवरून घेऊ म्हटलं तर तू चिडलास. "त्या आवाजात सुतळी नाही बे." मग तू उमरेडहून खरी सुतळीची खाट मालवाहू ऑटोत घालून आणलीस आणि आपण दोघांनी ती सीताबर्डीच्या त्या अरुंद जिन्यातून ऑफिसात चढवली. भर दुपारी दोन बापे त्या खाटेवर उड्या मारत होतो. खालचा मोबाईल कव्हरवाला वर आला. "भैया, ऊपर क्या चल रहा है?" तू खाटेवर उभा, डोक्यावर ओढणीचा पदर, घामाने चिंब, आणि शांतपणे म्हणालास, "रेकॉर्डिंग चल रही है." त्याने दार हळूच लावून घेतलं. तो आजही माझ्याशी फार जपून बोलतो.

पदराशिवाय तुला विहिणीचा आवाज यायचाच नाही. मी किती हसलो होतो, पण खरंच यायचा नाही. पदर नसला तर तू माझ्यासारखाच, जाड्या आवाजाचा नागपुरी माणूस. पदर डोक्यावर आला की मान वाकडी व्हायची, डोळे बारीक व्हायचे आणि घशातून एक म्हातारी निघायची. त्यात नागपूरचा मे महिना. कूलर चालू ठेवला तर त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते, म्हणून दरवेळी तुझी एकच आज्ञा: "सुन्या, कूलर बंद कर." कूलर बंद, खिडकीवर गादी, डोक्यावर पदर. एकेका ओळीनंतर तू पदराने घाम पुसायचास, अगदी बाई पुसते तसा.

लोकांना ती खरीच आजी वाटली. "आजींना साष्टांग नमस्कार," असे निरोप यायचे. अमरावतीच्या एका बाईंनी विहीणबाईंसाठी साडी पाठवली. जांभळी, बारीक काठाची. तू ती उलगडून डोक्यावर घेऊन पाहिलीस. त्यानंतर ओढणी गेली आणि रेकॉर्डिंगला तीच साडी आली.

एक दुपार मला विसरता येत नाही. नरखेडकडे एका ओळखीच्या लग्नाला गेलो होतो. संत्र्याच्या बागेशेजारी मांडव, आणि बायांच्या घोळक्यातून तुझाच आवाज. कुणीतरी मोबाईल माईकला लावला होता. फाट्यातली विहीण एक ओळ म्हणायची आणि पोरी हसायच्या. पण मग एक म्हातारी उठली आणि तिने तुला उत्तर दिलं. तिच्या गावचं, आपल्या गेममध्ये नसलेलं. मग दुसरी उठली. पोरींनी मोबाईल बंदच करून टाकला, कारण आता त्याची गरज उरली नव्हती. मी तुला शोधायला गेलो तर तू पाण्याच्या ड्रममागे उभा. डोळे पुसत होतास आणि मला म्हणालास, "धूर लागला बे." चूल कुठेच नव्हती, गॅसच्या शेगड्या होत्या.

त्यानंतर गावागावांतून लोक आपापली कडवी पाठवू लागले. काही इतकी पुढची होती की तू वाचताना लाजायचास. एका चावट खेळातून हे निघेल असं मला वाटलं नव्हतं. तुला वाटलं असेल कदाचित.

आणि आता आपलं भांडण. ते अर्ध्यावर टाकून गेलास, म्हणून मी अजून तावात आहे.

फाट्याचा शेवट. सगळ्या खाटा मोडून माणूस शेवटच्या हळदीला पोचतो. विहीणबाई घसा खाकरते, शेवटच्या कडव्याला हात घालते, आणि मांडवामागचं दार धाडकन बंद होतं. आतून बांगड्यांचा आणि हसण्याचा आवाज. संपलं. लोक किती वैतागले! आजही सगळ्यात जास्त निरोप याच एका गोष्टीचे येतात: दार उघडा. मी म्हणायचो, हा शेवट अर्धवट आहे, माणूस इतका खेळला तर त्याला काहीतरी मिळालं पाहिजे. तू म्हणायचास, दार बंद आहे म्हणूनच मजा आहे. मोठमोठे मुद्दे मांडायचास, कल्पनाशक्ती वगैरे. मला ते कधी पटलं नाही.

मग एकदा, पोह्यांवर तर्री ओतून घेता घेता, तू खरं बोललास. "मले माहीतच नाही बे पुढचं. शेवटचं कडवं आलं का बाया आम्हा पोट्ट्यायले बाहेर काढत. दार लावून घेत. मी आजपर्यंत ते आयकलंच नाही."

"मग मायले विचार ना."

"मायले?" तू चमचा खाली ठेवलास. "पागल झाला का बे?"

गेमवर स्वतःचं नाव तू घातलं नाहीस तेही मायमुळेच. आवाज: विहीणबाई. बस. मी किती मागे लागलो, की अरे, ही तुझी सगळ्यात चांगली गोष्ट आहे, नाव घाल. तू म्हणायचास, माय आहे तोवर नाही. तिला कळलं तर ती मान वर करून चालणार नाही. ती गेली की घालू नाव, मोठ्या अक्षरात. हे तू सहज म्हणायचास, जसं पावसाळा संपला की रंग देऊ म्हणतात तसं. आणि झालं काय, तर माय आहे आणि तूच नाहीस. तुझा मला इतका राग येतो ना मन्या, की काही विचारू नकोस.

तू गेलास त्याच्या थोडं आधी दुकानाची सूचना आली होती. जुने गेम नव्या फोनांसाठी दुरुस्त करा, नाहीतर काढून टाकू. आपण म्हणालो होतो, बघू. तेरवीनंतर मी ऑफिस उघडलं तेव्हा ती सूचना पुन्हा आलेली. आता ठरवायचं मी एकट्याने. फाटा दुरुस्त करायचा की जाऊ द्यायचा? आणि ठेवला तर कुणाच्या नावावर? तुझ्या पश्चात तुझ्या घराला मान खाली घालायला लावणारा मी कोण? खरं सांगतो, जाऊ द्यावा असंच वाटत होतं. 'संस्कारी' म्हणून तू सुखाने फोटोत राहिला असतास.

त्याच आठवड्यात शीतलचा फोन आला. तिला तुझा आवाज हवा होता. तू सगळ्या कार्यक्रमांचं शूटिंग करायचास, म्हणून प्रत्येक व्हिडिओत सगळे आहेत आणि तू नाहीस. जुना फोन गेला त्यात होतं नव्हतं ते गेलं. लग्नाच्या सीडीत बँडशिवाय काही ऐकू येत नाही. "भाऊजी," ती म्हणाली, "तो गेम... त्यात आहे ना त्यांचा आवाज? मायही मागून राहिली."

मी दोन दुपारी बसून तुझी कच्ची रेकॉर्डिंग्ज चाळली. मायच्या कानावर जाऊ देता येईल असं काय आहे ते शोधत होतो. मिळालं ते ओळींच्या मधलं. "सुन्या, कूलर बंद कर." "पाणी दे ना बे." "थांब, घाम पुसू दे." एक खोकला. एकदा तू कशालातरी खूप हसला आहेस, कशाला ते आठवत नाही. आणि दरवेळी शेवटी, "हां, आता घे." हे तुकडे जोडून एक छोटी फाईल केली. बाकी सगळं कापलं. ती फाईल आणि जांभळी साडी पिशवीत घालून तुझ्या घरी गेलो. साडी तुझ्या खुर्चीवर तशीच पडली होती, ती ऑफिसात ठेवायचा मला धीर होत नव्हता.

माय खाली सतरंजीवर बसली होती. शीतल तिच्याजवळ, पिहू दाराशी. तुझी पोरगी एवढ्यातच उंच दिसायला लागली आहे. मी फोन मायच्या पुढ्यात ठेवला आणि फाईल लावली. "सुन्या, कूलर बंद कर." पिहू तोंड फिरवून उभी राहिली. मायचा चेहरा हलला नाही. शेवटचं "हां, आता घे" आलं आणि फाईल संपली.

"अन् मंग?" माय म्हणाली.

"मंग काय, काकू?"

"आता घे म्हणते. मंग पुढं काय म्हणते तो?"

"पुढं गेमचं असते."

"तं मले तेच आयकाचं हाय. कापून काहून आणलं?"

शीतल मध्ये पडली. "माय, ते ऐकण्यासारखं नाही."

"माह्या पोराचा आवाज हाय वं," माय म्हणाली. "आयकण्यासारखा कसा नाही?"

 शीतलने पिहूला पाणी आणायच्या निमित्ताने आत पाठवलं आणि मी फाटा सुरू केला. पहिल्या ओळीला माय म्हणाली, "हे तं बाई हाय." मी म्हटलं, "काकू, तोच आहे." तिने फोन उचलून कानाशी धरला. दुसऱ्या ओळीला तिने डोळे मिटले. तिसऱ्या ओळीला तिचे ओठ हलू लागले, आणि मन्या, मी नीट पाहिलं, ती तुझ्या एक ओळ पुढे होती. तू व्याह्याचं धोतर सोडलंस त्याच्या आधीच ती तिथे जाऊन थांबली होती. मी भिंतीकडे पाहत बसलो. एवढं अवघड आणि एवढं सुंदर मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

मग शेवट आला. घसा खाकरला, दार धाडकन लागलं, बांगड्या वाजल्या.

"झालं?" माय म्हणाली.

"झालं."

"अन् शेवटचं कडवं काहून नाही म्हटलं त्यानं?"

"त्याले येत नव्हतं, काकू. तुम्ही पोट्ट्यायले बाहेर काढत होते. दार लावून."

तिने फोन मांडीवर ठेवला, त्यावरून तळवा फिरवला. "फटीतून पाहे तो," ती म्हणाली. "मले दिसे त्याचा डोया. म्हणून मी शेवटचं मुद्दाम बारीक आवाजात म्हणत होती. लेकरू हाय म्हणून." मग तिचा बांध फुटला. शीतल तिला धरून बसली. थोड्या वेळाने ती नाक पुसत म्हणाली, "विचारलं असतं मले..."

"सांगितलं असतं का, माय?" शीतलने विचारलं.

"नाही. चप्पल मारली असती." आणि मग, अगदी हळू, "आता मारू कोणाले?"

मला काय करावं कळेना म्हणून मी पिशवीतून साडी काढली. कुणी पाठवली, कशासाठी पाठवली, तू ती डोक्यावर घेऊन कसा बसायचास ते सांगितलं. तिने साडीचा पदर उलगडला, काठावर बोट फिरवलं. तुझ्या घामाचे डाग होते तिथे बोट थांबलं. मग तिने तो पदर आपल्या डोक्यावर घेतला. मान वाकडी झाली, डोळे बारीक झाले. तू तिथून घेतलं होतंस तर. मी इतकी वर्षं त्याला अभिनय समजत होतो.

"शीतल, तुह्या मोबाईलात आवाज भरता येते ना? भर," ती म्हणाली. "अन् बाजूच्या दोघींले बोलव. हे गाणं एकटीनं म्हणता नाही येत, समोर कोणी लागते." शेजारच्या बाया आल्या, काय चाललंय ते कळून चमकल्या, आणि बसल्या. माय माझ्याकडे वळली. "तू बाहेर हो."

"मी? काकू, मी चाळिशीचा आहे."

"बाहेर हो म्हटलं ना बापा. अन् पोट्टीले बी ने."

तर मी आणि तुझी मुलगी तुझ्या घराच्या पायऱ्यांवर बसलो. ऊन तापलं होतं. आतून आधी मायचा आवाज आला, कापरा. मग ठेका सापडला. मग पदरात दाबलेलं हसू, आणि मग मोकळं. तू गेल्यापासून त्या घरातलं ते पहिलं हसू. शेजारच्या बाईंचं, मायचं आणि त्यात शीतलचंही. तिने तोंडावर हात ठेवला असेल, पण ऐकू आलं.

पिहू उठली. दाराशी गेली आणि फटीला डोळा लावला. तिला हाक मारून मागे बोलवायला हवं होतं, मी मोठा होतो. नाही बोलवलं. आणि आतला आवाज एकदम बारीक झाला.

दार उघडलं तेव्हा पदर पुन्हा सरळ होता. "नाव टाक त्याचं," माय म्हणाली. "शीतल सांगते, माय आहे तोवर नाही, असं म्हणे का तो? माय सांगून राहिली, टाक. अन् खाली माहं बी." जाताना तिने मला पोटाशी धरलं, तुला धरायची तसं. मला तिथे उभंच राहवेना.

शीतलने फाईल पाठवली आहे. सोबत निरोप: "माय म्हणते तुम्ही ऐकू नका, फक्त लावा." मी कधीच न ऐकता काही लावलेलं नाही, तुला माहीत आहे. हे लावलं. आवाजाच्या रेघा नुसत्या डोळ्यांनी पाहिल्या. सुरुवातीला उंच आहेत आणि शेवटी अगदी लहान होत जातात. त्या का लहान होतात ते मला माहीत आहे, म्हणून मी वाढवल्या नाहीत.

फाटा नव्या फोनांवर चालतो आता. शेवटी दार लागतं, बांगड्या वाजतात, आणि त्यानंतरही खेळणाऱ्याने दारावर बोट ठेवलं तर ते उघडतं. नंतर तुझं नाव येतं, मोठ्या अक्षरांत. त्याखाली तिचं. उद्या दुकानात जाईल. एवढ्या वर्षांचं ते भांडण मी जिंकलो, पण तू समोर बसून हरायला हवा होतास. तुझी फार आठवण येते रे.

लोकांच्या आधी तू ऐकायचं आहेस. आज दुपारी ऑफिसचं दार लावलं, खिडकीवर गादी टाकली. फोन तुझ्या खुर्चीवर ठेवला, शेवटच्या हळदीच्या बंद दारापर्यंत आणून. आता त्या दारावर बोट ठेवतो आणि मी बाहेर जिन्यात जाऊन बसतो.

कूलर बंद केलाय, मन्या.